काढताना

घालायला कुणीही शिकतं.
काढायला शिकताना बाइंदूला तीन आठवडे लागले,
आणि मला, नुसतं बघायला शिकताना, त्याहून जास्त.

मी पूर्वी केनेमाच्या बाजारात सुकी मासळी तोलायचो.
काट्यावरून डोळा हलू द्यायचा नाही ही सवय,
तेवढ्यावर मला इथे घेतलं:
पाठीवर क्लोरीनचा पंप,
कुंपणाच्या या बाजूला उभं राहून
मोठ्याने सांगायचं, आता हे, आता ते.

आत उंदराच्या तापाचे सहाजण.
गावोगाव विचारत फिरलेल्या वांडीने वहीत लिहिलंय:
उंदराने साठवणीच्या तांदळात मुतलं.
तो तांदूळ टेनेने पाखडला.
टेनेचं कपाळ आईने चाचपलं.
आईची उलटी मावशीने पुसली.
मावशीला पाठुंगळी घेऊन भाचा
चिखलातून आठ मैल चालला.
कुणाचं काय चुकलं यात?
वहीत तसा रकानाच नाही.

मावशीचा हात आज बाइंदूने धरला.
दोन हातमोज्यांच्या जाडीवर
ही गोष्ट संपायला हवी.

ती बाहेर येते. पन्नास मिनिटं झालीत.
गॉगलच्या आत धुकं, बुटांत घाम पचपचतोय.
हात पुढे कर. फवारतो.
एप्रन, मागची गाठ आधी. हात धू.
वरचे हातमोजे. कड चिमटीत धर,
मांगुराचं कातडं उतरवतात तसं उलटं कर,
बाहेरचं आत जाऊ दे.
हात धू.
"गप रे," ती म्हणते, "पाठ आहे मला."
पाठ असलेलंच चुकतं, बाई.
आरशात बघ. खांद्यापासून, सावकाश,
सूट गुंडाळत खाली ने.
हात धू.
गॉगल मागून. डोळे मीट. मान पुढे.

आणि इथेच तिचा हात, तिला न विचारता,
भुवईकडे निघतो.
खाजतंय. पन्नास मिनिटं खाजतंय.

हात!

बाजारात कधी एवढा ओरडलो नव्हतो.
हात हवेतच राहतो, कपाळापासून बोटभर.
तिच्या गालावरून ओघळतंय ते
घाम की दुसरं काही, कळत नाही,
आणि पुसायचं तर कुणीच नाही.

मुखपट्टी. आतले हातमोजे. हात धू.
नखांच्या खाली. अंगठे विसरलीस.

मग बाहेरच्या बाकावर बसून
ती पहिल्यांदा भुवई खाजवते,
उघड्या, सुरकुतलेल्या, क्लोरीनने पांढुरक्या बोटांनी,
इतकी मन लावून
की मी दुसरीकडे बघतो.

"मावशीने पाणी मागितलं," ती म्हणते.
किती? माझ्या तोंडून जातं. तोलणारा माणूस.
"दोन घोट."

त्याला वहीत रकाना आहे.
ती लिहायला जाते.
मी पंप भरायला उठतो.