चाचणी नोंद

साखर पेठेत, खालच्या यंत्रमागांच्या खडखडाटावर
मंडळाची पहिली वेबसाइट उभी केली मी.
साल दोन हजार तीन. मानधन पाचशे,
आणि दमयंतीबाई होळीकट्टींच्या हातची शेंगाचटणी.
"देवाचा फोटो कुठला टाकू?"
बाई हसल्या. "सापडला तर टाक."
मग सभागृहाचाच टाकला:
बाकं, हार्मोनियम, उघडी खिडकी.

अर्जात जातीचा रकाना त्यांनी ठेवू दिला नाही.
तरी लोक लिहायचेच,
'अधिक माहिती'च्या चौकटीत,
कुणी दबकत, कुणी ठसक्यात.
एकाने नुसतं विचारलं होतं,
आम्ही आलो तर चालेल का?
उत्तर एका शब्दाचं. मला रात्र लागली.

नायना शेजारपाजारी सांगायचे, पोरगा देवाचं काम करतो.
देवाचं नाही हो, मी म्हणायचो, सर्व्हरचं.
सर्व्हर तीनदा बदलला.
दोनदा कुणी घुसून जुगाराच्या जाहिराती लावून गेलं,
ऐन रविवारी, उपासनेच्या वेळेला.
बाई गेल्या त्या मे महिन्यात वीज नव्हती;
त्यांची बातमी मोबाइलवरून टाकली,
शुद्धलेखन तपासायला त्याच नव्हत्या.

परवा सगळे पासवर्ड शिरीन मणियारच्या हवाली केले.
तिने यादी वरपासून उघडली.
"सर, सभासद क्रमांक एक, तिरुपती गड्डम. तुम्ही?"
"चाचणी होती ती. अर्ज चालतो का बघायला."
"मग पुसू?"

खाली एक माग थांबला, पुन्हा सुरू झाला.

"राहू दे," म्हटलं.
"बघू, चालतो का."