चोवीस अक्षरांची जागा

पहाटे चार चाळीसला यंत्र मरायचं,
रोज, त्याच एका माणसापाशी.
सोहार बंदराबाहेरच्या कॅम्पचं फाटक,
मागे दीडशे माणसं, डबे, अर्धवट झोप,
बसवाल्याचा हात हॉर्नवर.
तो कार्ड टेकवायचा आणि पडदा काळा.
पनवती, असं पाच भाषांत ऐकल्यावर
तो आपणहून रांगेच्या शेवटी गेला.

मी मस्कतहून आले. वॉचमनच्या केबिनमध्ये
शिहाबने दिलेली सुलेमानी गार होईपर्यंत
एकच ओळ वाचत बसले:
स्टॅक बिघडला, काम थांबवलं.

कंपायलर गेल्या महिन्यात बदलला. नवा संशयी आहे.
फंक्शनच्या उंबऱ्यावर एक आकडा ठेवतो,
निघताना बघतो, तसाच आहे ना.
पुस्तकांत त्याला कॅनरी म्हणतात, पिवळा पक्षी.
मला शकूआत्या आठवते,
तांदळाच्या डब्यात पंजा उमटवून ठेवणारी.
पंजा मोडला की घरभर आरडाओरडा.

कुरियन फोनवर: "तो फ्लॅग काढून टाक ना.
जुन्यात तीन वर्षं चाललंच की."

तीन वर्षं.
मी जुना बिल्ड उघडला.
नावाला चोवीस अक्षरांची जागा,
लगेच शेजारी ओव्हरटाइमचे तास.
आणि पासपोर्टावरचं नाव, इंग्रजीत,
मोकळ्या जागा धरून बत्तीस:
कोप्पिसेट्टी वेंकट सत्यनारायण.
बोट ठेवून मोजलं.
'सत्य'पर्यंत मावतं.
'नारायण' सांडतो
शेजारच्या तासांवर.
तासांच्या जागी अक्षरं, म्हणजे अशक्य आकडा,
म्हणून पगाराचा प्रोग्राम तिथे शून्य धरायचा.
मुकाट. न मरता. महिनोन्महिने.

फ्लॅग मी काढला नाही.
चोवीसचे एकशे अठ्ठावीस केले, दोन मिनिटांचं काम.
पगारखात्याला पत्र लिहायला मात्र अख्खी दुपार गेली,
बाहेर डांबर मऊ पडलेलं.
उत्तर अजून नाही.

त्याला विचारलं, कधी बोलला नाहीत?
"बोललो होतो. म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नाही."

दुसऱ्या पहाटे मी बघायला थांबले.
रांग सरकली, यंत्र टुक टुक वाजत राहिलं.
तो शेवटीच.
पुढे बोलावलं तर हातानेच नको म्हणाला.
कार्ड टेकवलं, टुक झालं,
तरी हात तिथेच ठेवून उभा,
पडदा आता काळा होईल
म्हणून.