प्रश्न सातवा

धूम्रपान करता काय?
हो किंवा नाही, खूण करा.

इस्तारी कापगते, वय एकाहत्तर,
कानावर अर्धी विझवलेली बिडी,
म्हणाला, नाही वो बाई,
असले शौक आपल्याले नाही.
मंग हे कानावरचं?
हे? हे तं बिडी हाये.

चुलबंदच्या या काठाला बिडी कोणी ओढत नाही.
पेतात.
माझ्या वहीतलं 'पेते' साताऱ्याकडच्या गुरुजींनी
लाल शाईनं खोडून 'ओढते' केलं होतं.
त्या संध्याकाळी मी बाबाकडे नीट पाहिलं:
गालांना खड्डे, डोळे मिटलेले,
बांधावरून आलेला माणूस गडव्याला तोंड लावतो तसा.
पेतच होता.

चिलमीचा दम घेतात.
थोटूक कोणी मागत नाही,
म्हणतात, झुरकाभर ठेवजो.
सरपंचाचा पोरगा एसटी थांब्यामागे सिगरेट मारतो,
डास मारावा तशी, इकडेतिकडे पाहत.
आणि कोणी दोन एकर धान फुकलं म्हणतात
तेव्हा धूर निघत नाही.

धूम्रपान मात्र करत नाही कोणी.
सकाळपासून एकोणीस घरं, एकोणीस नाही.

इस्तारीची पुस्तकला ओट्यावर, मांडीत सूप.
तेंदूचं पान कापते, चिमूट तंबाखू, गुंडाळी, सूत.
नखं हळदीसारखी, पण हळद नव्हे.
नातू म्हणतो, आजी भरवते तो भात कडू लागते.

मावशी, तुले या वासाचं काय वाटते?
माझ्याजवळ शिकलेले शब्द होते.
किळस येते? तिटकारा? वीट? शिसारी?
एकेक तिनं बाजारातल्या वांग्यासारखा दाबून पाहिला
आणि ढिगात परत ठेवला.
मग सूत दातानं तोडत म्हणाली,
लगन झालं तईपासून
मी याच्याकडे पाठ करून झोपतो.

इस्तारी हसला. हसता हसता खोकला,
हसण्यापेक्षा खोकला लांबला.
ती उठली, पाणी दिलं, सूप पुन्हा मांडीत घेतलं.

नियमानं तिलाही विचारायचंच होतं.
तू करतं का मावशी, धूम्रपान?

करतो ना, ती म्हणाली.
रोजचं आठशे.

फॉर्मवर एवढी जागा नव्हती.
इस्तारीनं कानावरची काढली, हात पुढे केला.
मान वर न करता
तिनं माचिस दिली.