चाळीस किलो

गोंदियाच्या पार्सल खिडकीतला बाबू विचारतो,
मालाचं वर्णन?
सायकल. लेडीज. जुनी.
किंमत?
मी आठशे म्हणते,
आणि पोत्यात, सुतळीत आवळलेली ती
हँडल वळवून भिंतीकडे बघत राहते,
आकडा ऐकल्यासारखी.

काट्यावर अठरा किलो भरली.
पावतीवर त्याने लिहिलं चाळीस.
'सायकल कुठलीही आणा, चाळीसच धरतात ताई.'
वरचे बावीस किलो कसले
ते त्याने सांगितलं नाही,
मलाही विचारवेना.
मागे कोंबडीच्या पिलांच्या पेट्या घेऊन
एक माणूस घाई करत होता.

दोन वर्षं हिच्या कॅरियरला लसींचा डबा बांधून
आमगावच्या पुढचे टोले फिरले.
धानाच्या बांधावर घंटी वाजली
की पोरं घरांच्या मागे पळायची.
मला ती घाबरत नव्हती.
घंटीला घाबरायची.

मग बदलीचा कागद आला. तालुका पलूस.
म्हणजे भिलवडी, म्हणजे घर.
भिलवडीला गाडी थांबते एक मिनिट.
एका मिनिटात माणूस उतरतो,
सायकल उतरत नाही:
सील तोडायचं, दार सरकवायचं, हमालाला हाक मारायची.
म्हणून तिला मिरजेपर्यंत बुक केलं
आणि मग माझंही तिकीट मिरजेचंच काढलं.

फोनवर धनपाल ओरडला,
'आक्का, घरावरनं गाडी जाणार
आन् तू फुडं मिरजेला निघालीस व्हय?'

वर्ध्याला उतरून शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेले.
भुसावळला गेले. मनमाडला चहा हातात घेऊन गेले.
पत्र्याचं दार बंद, त्याला कुलूप,
आत काही वाजतंय का म्हणून कान लावला.
दौंडला इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं
आणि शेवटचा डबा पहिला झाला.
हे मला माहीत नव्हतं.
मी सवयीने मागेच धावले,
तिथे गार्ड पाय पसरून डबा खात होता.

सातारा गेलं, रहिमतपूर गेलं,
खिडकीत ऊस आला.
ताकारी. किर्लोस्करवाडी.
बॅग सीटखाली होती, तिथेच राहू दिली.

भिलवडीच्या फलाटावर धनपाल
पितळेचा डबा घेऊन उभा.
मी खाली उतरले.
चप्पल फलाटाला लागली, खडी टोचली,
कुणाच्या तरी शेतात पाचट जळत होतं.
'उतरलीस न्हवं? चल की आता.'
मी डबा घेतला
आणि पुन्हा पायरीवर चढले.
तो काही बोलला नाही.
गाडी हलल्यावर दहा पावलं बरोबर चालला,
नंतर फलाट संपला.

मिरजेत बाबालालने तिला खांद्यावरून उतरवलं,
सुतळी दाताने तोडली.
मी पेडल बसवायला घेतलं, आटे धरेनात.
'डावं हाय ते बाई. उलटं फिरवा.
डाव्याचं सगळं उलटं असतंय.'
उलटं फिरवलं. बसलं.
हवा त्यानेच भरून दिली,
पैसे घेताना घंटी एकदा वाजवून बघितली.

मग सांगली, माधवनगर, नांद्रे.
येरळेच्या पुलावर पाणी कमी, वारा समोरून.
दोन वर्षांत मी चढ विसरले होते,
गोंदियाला तसा चढच नाही.
वसगड्याच्या फाटकाशी थांबावं लागलं.
एक पाय जमिनीवर टेकवून
मालगाडीचे डबे मोजले, छत्तीसला चुकले.
फाटक उघडलं तरी जरा वेळ तशीच उभी होते.

दिवेलागणीला दारात पोचले.
धनपालने एका हाताने सायकल उचलून
उंबऱ्याच्या आत घेतली.
'ही तर कायच वजन न्हाई गं,'
तो म्हणाला. मग इकडे तिकडे बघून,
'आन् डबा कुठाय?'

डबा मिरजेत,
पार्सलच्या काट्यावर राहिला होता.