पंचावन्न, पस्तीस, पंचवीस

तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं :
पंचावन्न, पस्तीस, पंचवीस. सात किलो.
चाकं आणि मूठ धरून.
एकतीस वर्षं वजनमापं खात्यात काढलेला माणूस
बारीक अक्षरच आधी वाचतो.

हरबा सुताराकडून प्लायची चौकट करून घेतली,
विश्रामबागेत, आमच्या जिन्याखाली.
लेकीनं पाठवलेली निळी बॅग तिच्यात उतरवली
तर दीड बोट चाक बाहेर.
भडंगाची दोन पाकिटं काढली. चाक तिथंच.
अर्थात. चाकाला भडंगाशी काय देणं!
हरबा म्हणाला, साहेब, चौकट आतून जरा तासू का?
मी त्याच्याकडे असं पाहिलं
की तो रंधा पिशवीत घालून चहाला गेला.

शेवटी चाकंच काढली. चोपन्न भरली.

जाताना, उजळाईवाडीला, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.
पुढच्यानं तर पोत्याएवढं काहीतरी आत आणलं,
वरच्या कप्प्यात कोंबलं, कोपरानं दाबलं,
आणि विमानातली मुलगी त्यालाच म्हणाली, मदत करू का?

परतीला दुसरं गाव, दुसरी मुलगी,
बोट लोखंडी चौकटीकडे : घाला.
तीच बॅग. बिनचाकाची. अडकली.
शेजारून कडक इस्त्रीचा एक गृहस्थ
माझ्या दीडपट बॅग ओढत गेला,
तिनं त्याला गुड मॉर्निंग केलं.
मी खिशातून स्टीलची टेप काढली
आणि बॅग नाही, चौकट मोजली.
त्रेपन्न आणि वर दोन रेघा.
म्हटलं, बाई, या मापावर शिक्का कुणाचा?
कुठल्या सालचा?
ती म्हणाली, काका, मागं रांग आहे.

अडीच हजार भरले. पावती बरोबर होती.

ते वाक्य विमानात माझ्याशेजारी येऊन बसलं,
पट्टा न लावता.
कारण ते माझंच होतं.
कवठेमहांकाळचा बाजार, साल सत्त्याऐंशी,
ताराक्का माळी, वांगीवाली.
अर्ध्या किलोच्या वजनाच्या पोटातलं शिसं गळालेलं,
नऊ ग्रॅम कमी.
तिनं खाली चिंचेचा गोळा चिकटवून भर केली होती,
माझ्या काट्यावर उलट दोन ग्रॅम जास्त भरलं.
साहेब, गिऱ्हाईक बुडत न्हाई ह्यात, बुडलेच तर मी.
नियमात चिंच नव्हती.
वजन जप्त. मावशी, मागं रांग आहे.

आणि त्याच आठवड्यात, इथं, मार्केट यार्डात,
पायगोंडा आडमुठ्यांच्या पेढीवर
हळदीच्या पोत्यामागं तीनशे ग्रॅम खाणारा काटा.
पांढरी गादी होती. साय धरलेला चहा होता.
पायगोंडांनी काहीही मागितलं नाही, दिलंही नाही,
फक्त लोड माझ्याकडे सरकवला.
मी लिहिलं : काटा योग्य.
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

आता कॉलनीतले लोक प्रवासाआधी चौकट मागायला येतात.
कुंभोजकरांचा पोरगा बॅग घालतो, काढतो,
उताणी करून पुन्हा घालतो.
काका, इथं बसली म्हणजे तिथं बसेल ना?
इथं बसते, मी म्हणतो. एवढंच सांगू शकतो.
कुणी म्हणतं, सकाळच्या विमानाला कडक असतात,
कुणी म्हणतं, हसून बोललं की सोडतात,
कुणी म्हणतं, सगळं नशीब.
मी ऐकून घेतो. खात्यातही हेच म्हणायचे लोक,
आमच्या जीपचा आवाज आला की.

चौकटीवर मी शिक्का मारलेला नाही.
तो अधिकार निवृत्तीच्या दिवशी जमा केला.
आतल्या बाजूला, कोपऱ्यात,
पेन्सिलीनं एवढंच लिहिलंय :
ता. माळी, नऊ ग्रॅम.
शहांच्या सुनेनं परवा विचारलं,
काका, ता. म्हणजे तारीख का?
पुढं आकडाच नाही.

मी म्हटलं, हो, राहिलाय घालायचा.