हातचा एक

शाळा दीडला सुटते, कॉलेज चारला भरतं.
मधले अडीच तास कुणाचेच नसतात.
सोहारच्या किनाऱ्यावर गाडी लावून बाबा झोपतो,
सीट मागे पाडून, तोंडावर रुमाल.
रात्री पुन्हा अॅल्युमिनियमच्या भट्टीवर जायचंय त्याला.
मी डॅशबोर्डवर वही टेकवून
फॉइलमधलं थालीपीठ खाते,
समुद्राकडे न बघता.

पहिल्या दिवशी गेटवरच्या चाचांनी हिंदीत विचारलं,
कुणाला न्यायला आलीस, बेटा?
शाळेचा पट्टा, दोन वेण्या.
मी कार्ड दाखवलं. त्यावर माझाच फोटो,
माझ्याहून मोठा दिसणारा.

वर्गात सगळे नोकरी करणारे.
शेजारी शमसा, बंदरावर कस्टममध्ये कारकून,
तान्ही लेक सासूकडे ठेवून येते.
तिनं पेन मागितलं,
आणि 'कितवीत आहेस' हे विचारलं नाही.

मला वाटायचं, अवघड असेल ते गणित.
गणित नव्हतं. शांतता होती.
शाळेत लिझी मिस वही तपासतात, घरी फोन करतात,
नावापुढे लाल फुली मारतात.
इथे पहिल्याच तासाला चार पानं दिली,
तारखा, गुण, नियम,
आणि पुढे कुणी ब्र काढला नाही.
मी ती पानं दप्तरात डब्याखाली कोंबली.
तेलाचा डाग पडला बरोब्बर
'पहिली चाचणी' या ओळीवर.

विसापैकी चार.
इंग्रजी चारचा आकडा नीट बघितलाय कधी?
वर्ग सुटल्यावर बाकावर उलटी ठेवलेली खुर्ची.

बाबाला म्हटलं, पेपर अजून मिळाले नाहीत.
त्यानं आरशातून एकदा बघितलं
आणि इंडिकेटर दिला.

डागाच्या खाली आणखी एक ओळ होती.
मंगळवार, तीन ते चार, दार उघडं असेल.
म्हणजे तीन आठवडे ते दार उघडं होतं
आणि मी वाळूवर थालीपीठाचे कण झटकत होते.

डॉक्टर हिशाम सुदानचे. टेबलावर खजूर, जुना पंखा.
कुठे अडलीस?
सगळीकडे, सर.
सगळीकडे कुणीच अडत नाही, ते म्हणाले,
मागे जा. जिथपर्यंत नक्की कळलं होतं
तिथे बोट ठेव.

बोट मागे सरकत गेलं,
या पुस्तकातून बाहेर, अकरावीतून, दहावीतून,
आणि नववीतल्या एका गुरुवारी थांबलं.
त्या दिवशी मी अवयव पाडायचे पाठ केले होते.
गुण पूर्ण मिळाले होते.
समजले नव्हते.

लाज वाटली, पण थोडी. बाकीचं हलकं झालं.

मग दर मंगळवार. आणि शनिवारी शमसा,
फूडकोर्टात, लेक मांडीवर, करक चहा गार होत.
ती तारखा मनगटावर लिहायची, शाई उडेपर्यंत.
मी फ्रिजवर लावल्या, आईच्या दुधाच्या हिशोबाशेजारी.
दुसऱ्या चाचणीत अकरा. तिसऱ्या चाचणीत पुन्हा नऊ.
त्या नवाचं मी बाबाला सांगितलं,
चारासकट.

तो काही बोलला नाही.
माझं पुस्तक घेऊन दिव्याखाली बसला,
हळूहळू पानं उलटत, जणू कुणाचं पत्र आहे.
रत्नागिरीला पहिलं वर्ष केलं होतं त्यानं,
मग आजोबांचं ऑपरेशन, मग एजंट, मग व्हिसा.
हे इथपर्यंत आलं होतं मला, म्हणाला,
आणि सत्तेचाळिसाव्या पानावर बोट ठेवलं.

मी चार वर्षांची असताना
फरशीवर खडूनं बेरीज शिकवायचा.
सात नि आठ पंधरा. पाच मांड, हातचा एक.
हातचा कुठे ठेवायचा, बाबा?
बोटावर. दुमडून ठेव, नाहीतर विसरशील,
पुढच्या घरात लागतो तो.

शेवटच्या पेपरला शेवटचं गणित सुटलं नाही.
बाकीची सुटली. तपासून, दोनदा.
बाहेर आले तेव्हा मगरिबची अजान चालू होती,
भट्टीच्या दिशेचं आकाश तांबूस.
बाबा जागा होता. कसा गेला, विचारलं नाही.
मी दार ओढून घेतलं,
त्याच्यासमोर हात धरला
आणि एक बोट दुमडलं.

त्यानं गाडी सुरू केली.
गियर टाकायला जरा उशीरच लावला.