डावीकडून, समोरून

गाडी अकरा महिन्यांची.
मागच्या सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच,
आणि रपट्यावरून उतरताना, दुसऱ्या गिअरमध्ये,
खुट्.

मोठा नाही आवाज.
शेजारच्या खोलीत कुणी पाटावरून उठावं, इतकाच.
पण एकदा ऐकला की
लोही ते लाडखेड सगळा रस्ता
मी त्याचीच वाट पाहत चालवते.

यवतमाळच्या शोरूममध्ये एसीत बसवलं, चहा दिला.
टायवाला मुलगा गाडी फिरवून आला
गुळगुळीत हायवेवर.
"काहीच येत नाही, मॅडम."
दुसऱ्या खेपेला लिंक रॉड बदलले, वॉरंटीत.
तिसऱ्या खेपेला म्हणाला, नव्या गाडीत एवढं असतंच.
कागदावर लिहिलं : तक्रार आढळली नाही.
मी सही केली.

सही करताना ती म्हैस आठवली,
जिला दोनदा अपचन म्हणून पुड्या देऊन आले होते मी
आणि जिच्या पोटात शेवटी
बोटभर बांधणीची तार निघाली.
अन्नपूर्णाबाई पहिल्या दिवसापासून सांगत होती,
"थे उठताना कण्हते, डॉक्टरीनबाई.
बसून असली तं नाही कण्हत."
मी गेले तेव्हा म्हैस बसलेली होती.
दोन्ही वेळा.

दारव्ह्याच्या अलीकडे, बंद जिनिंगच्या भिंतीला लागून
देविदास पेंदोरचं गॅरेज.
बोर्ड ट्रॅक्टरचा, चुना लावून खोडलेला.
त्यानं बॉनेटला हात लावला नाही.
"केव्हा येते, थे सांगा आधी.
कुठून येते, थे मी पाह्यतो."

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

सकाळी जास्त येते का? हो.
ब्रेक दाबून धरला तं जाते? नाही जात.
उभ्या गाडीत स्टेरिंग फिरवलं तं?
माहीत नाही.
"माहीत नाही हेबी चांगलं. उगाच हो नाही म्हटलं."

मग तो रपट्यावर माझ्या गाडीसोबत चालला,
कमरेत वाकून, कान चाकापाशी,
जसं कुणी म्हातारीला हात धरून नाला ओलांडून द्यावं.
सात फेऱ्या.
मागे तुरीच्या काड्या भरलेली बंडी थांबली होती,
बंडीवाला काही बोलला नाही,
पाचव्या फेरीला तोही उतरून ऐकायला आला.

जॅकवर चढवली. सब्बल घालून हलवलं सगळं.
बुश घट्ट. बॉल जॉइंट घट्ट.
"हेबी नाही," तो म्हणायचा, "हेबी नाही,"
आणि दर वेळी थोडा खूश दिसायचा.
संध्याकाळ होत आली.
डॅशबोर्डवर माझा स्टेथोस्कोप पडला होता.
"हे चालते का लोखंडाले?"

पोरगं बंपरवर उड्या मारत होतं,
मी स्टेरिंग इकडून तिकडे,
आणि देविदास डोळे मिटून
शॉकअपच्या माथ्यावर चकती ठेवून उभा.
बराच वेळ.
मग नळ्या काढून माझ्या कानात दिल्या.
"आइका."

ऐकलं मी. तीन महिने जो पाठीमागे लागला होता
तो आता आत, अगदी कानाच्या पडद्यापाशी,
आणि इतका लहान.

काळी रबरी टोपी. तिच्याखाली नट.
पाना लावला : पाव चक्करही पूर्ण नाही.
"कंपनीतच ढिला राह्यला. कोणाची तरी जेवाची सुट्टी झाली असन."

पैसे विचारले.
"सत्तर द्या. अन् जाता जाता थे बकरी पाहून घ्या.
तीन दिवस झाले, चारा टाकून देते."

चकतीला ग्रीस लागलं होतं, ओढणीला पुसलं.
बकरी भिंतीला टेकून, कान पाडून उभी.
मी पिशवी उघडली नाही.
तिच्याजवळ उकिडवी बसले आणि विचारलं,
"केव्हा टाकते?
सकाळचा, की संध्याकाळचा?"